खिडकी क्रमांक तीन

मतदानाला पंचावन्न दिवस उरले की यादी मिटते.
कायदाच आहे. संध्याकाळी पाच,
त्यापुढे एक मिनिट नाही.
सकाळपासून माझ्या खिडकीशी सातजण आले.
लक्झेंबर्गच्या या पोलादी गावात परदेशी किती, ते विचारू नका :
निम्म्याहून जास्त,
आणि उरलेल्यांचे आजोबा.

सेनाद आला होता, छपरं घालणारा, मॉन्टेनेग्रोचा.
फॉर्म उलटसुलट वाचून म्हणाला,
"एकदा नाव लागलं की मत द्यावंच लागतं ना?"
हो, सक्ती आहे.
"आणि त्या रविवारी मी छपरावर असलो तर?"
रविवारी कोण छपरावर असतं?
तो हसला. "तुमचं छप्पर कधी गळलं नाही, बाई."
फॉर्मची घडी करून खिशात घातली.
खिशात गेलेला फॉर्म परत येत नाही,
बावीस वर्षांच्या नोकरीत एवढं कळलं.

चार चाळीसला झुल्मिरा एव्होरा आली,
पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या.
यादीसाठी नव्हे.
तिला दफनभूमीची खिडकी हवी होती, आणि ती बंद :
निकोची दाढ सुजलीय,
म्हणून मेलेल्यांचं कामही आज माझ्याकडे.
नवऱ्याच्या जागेची मुदत संपत आली होती.
रांग फ, एकशे बारा. पंधरा वर्षं झाली,
अजून पंधरा हवीत.
तिनं पैसे मोजून ठेवले, नोटा वेगळ्या, नाणी वेगळी,
घरून मोजून आणलेले पैसे
पुन्हा मोजतात तसे.

मग सवयीनं विचारलं,
मतदार यादीत नाव आहे का?
तिनं मागे वळून पाहिलं.
मागे कुणी नव्हतं.

"मी इथली नाही."
कधीपासून?
"चौतीस वर्षं झाली."
बोलून गेली, आणि मग
दोघी जरा गप्प राहिलो.

मी सांगितलं, गावच्या निवडणुकीला पासपोर्ट कुठलाही चालतो.
गाव म्हणजे कचऱ्याचा वार, शाळेतलं जेवण,
बसथांब्याचा आडोसा, दफनभूमीतला नळ...
"तो नळ?"
तिनं बाटल्या काउंटरवर ठेवल्या.
"हिवाळ्यात बंद करतात तो मेपर्यंत उघडत नाहीत.
मी घरून पाणी नेते. बसनं. जिरेनियमसाठी.
पंधरा वर्षं हे कुणाला तरी सांगायचं होतं."
म्हणजे मत आहे की तुम्हाला.
"मत होय? मत ढीगभर आहे.
ते द्यायचं असतं, हे कुणी बोललं नाही."

फॉर्म तिनं उभ्यानंच भरला.
दोरीला बांधलेलं आमचं पेन गळकं;
तर्जनीवर निळा डाग पडला,
तिनं पुसला नाही.
बेटावरच्या तिच्या गावाचं नाव रकान्यात मावेना,
शेवटची दोन अक्षरं समासात चढली.
इथे किती वर्षं राहता, हा रकाना आता काढून टाकलाय.
तरी कोपऱ्यात लिहिलंच : ३४.

"इल्दूचं नाही का होणार?" तिनं विचारलं.
"भाडं तर त्याचंही भरते. आणि तो आता कुठे हलतोय?"
त्यांचं नाही होत.
"त्यालाही मतं होती," ती म्हणाली,
"बसबद्दल तर फारच."

चार अठ्ठावन्नला शिक्का मारला.
पाचला पडदा ओढला.
सेनाद आला नाही.

घरी जाताना वाट वाकडी केली.
नळ फिरवला : आत नुसती हवा, आणि एक खरखर.
रांग फ मध्ये एकाच ठिकाणची माती काळी, ओली होती.
पलीकडे रांग अ.
तिथे माझे आजोबा, उम्ब्रियाहून खाणीत आलेले.
मी दोन वर्षं फिरकले नव्हते.
मातीला भेगा,
त्यांचं नाव शेवाळाखाली अर्धं.
नखानं खरवडून पाहिलं.
पुढल्या वेळी बाटली आणायला हवी.